माकडं हाकणारी गिटार

जोयड्याला लोक कशाकशासाठी जातात ते मला तिथून परतल्यावर कळलं. कुणी धरण बघायला जातं, कुणी देवदर्शनाला, कुणी जंगलात वाघ दिसतो का ते बघायला आणि दिसला नाही हे पुढं वर्षभर सांगायला. मी गेले होते गिटार आणायला. गिटारसुद्धा साधी नव्हे. विजेवर वाजणारी, टोकदार आणि सात तारांची. दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकखोलीत मी हा बेत सांगितला तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं हळूच विचारलं.

घरी सगळं ठीक होतं. मी कोल्हापुरात एका हायस्कुलात गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात टोकदार गिटारी जमवते. लोक जुनी नाणी जमवतात, काड्यापेटीचे छाप जमवतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. गिटारीचं नाव काढलं की मात्र लोक माझ्याकडे आणि मग आमच्या ह्यांच्याकडे बघतात.

ज्यांनी असली गिटार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या गिटारीचं अंग कमरेत बारीक आणि बाकी गोलसर असतं. हिला वर दोन शिंगं, खाली दोन शिंगं, आणि डोकं भाल्यासारखं. लांबून बघितलं तर वाद्य कमी आणि मोडलेलं फर्निचर जास्त वाटतं. साध्या गिटारीला तारा सहा. हिला एक जाड तार जादा असते, आणि तिचा आवाज इतका खर्जात जातो की तो कानाआधी पोटाला कळतो. माझ्याकडे तेव्हा अशा तीन होत्या. पहिली एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून आली. तिचं टोक दोनदा गायिकेला लागल्यावर गिटार आणि गायिका यांतलं एकच ठेवायचं असं त्यांच्यात ठरलं होतं. दुसरी अशीच कुठून कुठून फिरत आली. तिसरीच्या शिंगात अडकून ह्यांची लुंगी उभी फाटली, तेव्हापासून घरातल्या सगळ्या टोकांना बाटलीची बुचं लावलेली आहेत.

मला गिटार वाजवता येत नाही, हे इथंच सांगून टाकते. सा पासून वरच्या सा पर्यंत मी चढते, उतरताना कुठं तरी पडते. माझा जीव रमतो तो खोलण्यात. तारांखालची चुंबकं बदलायची, आतल्या वायरी नव्यानं जोडायच्या, खुंट्या बदलायच्या, खरखर काढायची. खरखरणारी गिटार मला बघवत नाही. वर्गात कुणाचं अक्षर वाईट असलं तरी मला असंच होतं.

तारा घ्यायला मी बेळगावला जाते. तिथल्या वाद्य दुरुस्त करणाऱ्यानं मला ही बातमी दिली.

"नंदिगड्ड्याच्या पल्याड एक अक्का हाय," तो म्हणाला. "तिचा दीर गोव्याला हाटेलात वाजवत हुता. गिटार घरात आणून टाकला आनि गेला दुबईला. आता ती अक्का गिटार शेतात वाजवती म्हनं."

"शेतात?"

"मी सोता न्हाई बगितलं. पन टोकं चार हायत आनि तारा सात, ह्ये बगून आलेल्यानं सांगितलंय."

मला तेवढं पुरे होतं. घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बुचांची पिशवी माझ्या सामानात टाकली.

रामनगरपासून पुढं

बेळगाव, खानापूर मागं पडून रामनगर आलं आणि मी चहाला उतरले. आपल्याकडे अनोळखी माणसाला 'कुठं निघालात?' म्हणून विचारतात. इकडं विचारतात, 'कुनाच्यात आलासा?' तुम्ही कुठं जाता याच्याशी कुणाला घेणं नाही, तुम्ही कुणाचे पाहुणे आहात ते कळलं पाहिजे. मी चहावाल्याला म्हटलं, कुणाच्यात नाही, नंदिगड्ड्याकडं एका अक्कांकडे गिटार आहे ती बघायला आले.

"माकडवाल्या गंगाक्का व्हय," तो म्हणाला. "मग असं सांगा की. गंगाक्काच्यात आलासा."

अशी मी एका घरची पाहुणी झाले, आणि त्या घराला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढच्या गाडीचा कंडक्टर एका म्हातारीशी कोकणीत बोलत होता, ड्रायव्हरशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत. तिन्ही भाषांत त्याचं म्हणणं एकच होतं, की पुढं सरका. गणेशगुडीला काळी नदी दिसली. सकाळचं धुकं पाण्यावरून अजून उठलं नव्हतं आणि त्यातून धरणाची भिंत अर्धीच वर आली होती. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. शेजारच्या बाईनं आपली कोंबडी माझ्या मांडीवर कधी ठेवली ते मला कळलं नाही. जोयडा येईपर्यंत आमची दोघींची चांगली ओळख झाली होती, म्हणजे माझी आणि कोंबडीची.

जोयड्यानंतर रस्ता जंगलात शिरला. दोन्ही बाजूंनी झाडी इतकी जवळ, की खिडकीतून फांद्या आत येऊन हजेरी घेत होत्या. नंदिगड्डे मागं टाकून गाडी एका वळणावर थांबली. कंडक्टरनं खाली बोट दाखवलं. रस्त्याच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्यापलीकडे पिवळ्या भाताचा एक लांबट तुकडा, त्याच्या मध्यावर चार खांबांवरचा माळा, आणि कडेला दोन कौलारू घरं.

"त्ये बगा अक्काचं गद्दे," तो म्हणाला; गद्दे म्हणजे तिकडं भाताचं शेत. "आनि बाई, माकडांस्नी खायाला काय देऊ नगासा."

गंगाक्का

गंगाक्का अंगणात उखळाशी होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि बोलताना कमरेवर एक हात. मी कोण, कुठली, कशाला आले ते सांगितलं. त्यांना कसलंच नवल वाटलं नाही.

"आधी जेवा," त्या म्हणाल्या. "गिटार कुटं पळून चाललीया."

तांदळाची भाकरी, कोकमाची कढी आणि एक आंबट-तिखट तांबडी चटणी. चटणी मी तीनदा मागून घेतली. आपल्याकडच्या तांबड्या रश्श्याचा मला गर्व आहे, पण ही चटणी खाताना कोल्हापूर क्षणभर विसरले. कशाची आहे म्हणून विचारल्यावर अक्का म्हणाल्या, "मुंग्यांची." मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग आंब्याच्या फांदीवर पानं चिकटवून केलेलं तांबड्या मुंग्यांचं घरटं त्यांनी मला आणून दाखवलं आणि आत कोण कोण राहतं तेही दाखवलं. चौथ्यांदा मागायला माझा धीर झाला नाही, पण चव अजून आठवते.

गिटार पडवीत खुंटीला होती. एका शिंगावर विळा अडकवलेला, दुसऱ्यावर कांद्यांची माळ, आणि भाल्यासारख्या डोक्याला हळदकुंकू. मी जवळ जाऊन तिला नीट बघितलं. अंग अस्सल जपानी, काळं, चारी टोकं शाबूत. पण तारा. वरच्या पाच कसल्या तरी गंजलेल्या होत्या, सहावी सायकलच्या ब्रेकची वायर होती, आणि सातवीच्या जागी मोटारसायकलची क्लच वायर ताणून बसवलेली. आतली एक जोडणी तुटून बाहेर लोंबत होती. एका खुंटीऐवजी दाराची कडी होती.

"ह्ये नारूअण्णानं बसवलंया," अक्का अभिमानानं म्हणाल्या.

नारूअण्णा म्हणजे शेजारच्या घरचे. भजनी मंडळाचा माइक, कर्णा, अँप्लिफायर आणि टेपरेकॉर्डर यांचा कारभार त्यांच्याकडं होता. वाडीवर वीज नव्हती, त्यामुळे हे सगळं एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी चार्जिंगला नंदिगड्ड्याच्या गिरणीत जायची.

शेतात गिटार कशाला, हे मी शेवटी विचारलंच.

"माकडं," अक्का म्हणाल्या. "बापय मानूस बगितला की पळत्यात. बाईमानूस बगितलं की बसत्यात. मी दगड मारला तर दगूड कुटं पडला त्ये बगत्यात आनि परत खात्यात. मालक दांडेलीला लाकडाच्या डेपोत, आयतवारी येनार. मग मी काय करू?"

आणि मला घेऊन त्या माळ्यावर चढल्या. कर्णा झाडाला बांधलेला होता. नारूअण्णांनी बॅटरी जोडली. ओढ्याकडच्या अंगाला दहा-बारा माकडं बांधावर उतरली होती. अक्कांनी नारळाच्या करवंटीचा तुकडा घेतला आणि सातव्या तारेवर एकदाच ओढला.

जो आवाज निघाला त्याचं वर्णन मला करता येणार नाही. खडीचा ट्रक घाटात मागं घसरताना काय म्हणेल, तसलं काही तरी. माकडं गेली, ओढ्यावरचे बगळे गेले, आणि मी माळ्याच्या शिडीवरून दोन पायऱ्या खाली गेले. 

"सासूबाई बसत्यात हितं," अक्का म्हणाल्या. "औंदा त्या नातीच्या बाळंतपनाला गेल्या. आनि माजा तर पैरा हाय."

पैरा म्हणजे काय ते इथं सांगितलं पाहिजे. कापणीला मजूर लावायची तिकडं पद्धत नाही. सगळी वाडी मिळून एकाचं भात कापते, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. आज तुम्ही माझ्यात राबलात की उद्या मी तुमच्यात. कामाची परतफेड कामानंच. अक्कांचं शेत या वर्षी शेवटी होतं. तोवर त्यांना रोज दुसऱ्याच्या शेतात जाणं भाग, आणि स्वतःचं पिकलेलं भात माकडांसमोर उघडं. वर्षाचं खाणं त्या एका तुकड्यात उभं होतं. ते गेलं तर पाऊसकाळात चुलीवर काय ठेवायचं, हे त्या एकदाच बोलल्या, आणि तेही खाली भाताकडं बघत.

"बाई, तुमाला सुट्टी हाय न्हवं," त्या मग म्हणाल्या. "माळ्यावर बसा. सुगी संपली की गिटार तुमची. पैराच म्हना की."

मी एका श्वासात हो म्हटलं.

माळ्यावर

पहिला दिवस फार सुखाचा गेला. धुकं उतरलं, भातावरचं दव चमकायला लागलं, अक्का विळा घेऊन वाडीच्या लोकांबरोबर डोंगरापलीकडच्या शेतात गेल्या. नारूअण्णांनी बॅटरी जोडून दिली आणि तेही गेले. मी, गुळाच्या कोऱ्या चहाची किटली आणि गिटार. माकडं आली की करवंटी ओढायची. माकडं गेली की चहा प्यायचा. इतकं हुकमी काम मला वर्गात कधी मिळालेलं नाही.

दुपारनंतर माकडं फिरकेनाशी झाली आणि माझा हात शिवशिवायला लागला. माझ्या मांडीवर एक अस्सल जपानी गिटार होती, तिला मोटारसायकलची वायर लावलेली होती, आणि माझ्या पिशवीत सात नव्या कोऱ्या तारांचा जोड, पक्कड, एक जादा खुंटी, सोल्डर आणि डाग द्यायचं तांब्याचं टोक होतं. मी स्वतःला पुष्कळ आवरलं, म्हणजे चहा संपेपर्यंत. मग मी तिला घरी घेऊन गेले, चुलीत तांब्याचं टोक तापवलं आणि सुटलेली जोडणी जोडली. गंज काढला. दाराची कडी काढून खुंटी बसवली. चिरलेल्या कर्ण्याला आतून कागद आणि डिंक लावला. क्लच वायर निघता निघेना, तेव्हा ती पकडीनं तोडली, चार जागी, आणि तुकडे चुलीमागं टाकले. नव्या तारा लावून सूर मिळवला. शेवटी चारी टोकांना बुचं लावली.

मग एकच तार छेडली. कुठं खरखर नाही, घरघर नाही. सातवी तार सुद्धा अशी मऊ बोलली, की मला भरून आलं. संध्याकाळी अक्का दमून आल्या आणि झोपल्या. त्यांना सकाळी आश्चर्याचा धक्का द्यायचा असं मी ठरवलं.

धक्का सकाळी बसला, पण अक्का तेव्हा डोंगरापलीकडे पोचल्या होत्या.

माकडं नेहमीच्या वेळेला आली. मी सातवी तार ओढली. माकडं थांबली. मी पुन्हा ओढली. त्यांच्यातलं एक मोठं, कपाळावर केसांचा भांग पाडलेलं, बांधावर बसलं आणि त्यानं मान कलती केली. मी मनात त्याचं नाव मॉनिटर ठेवलं होतं. मॉनिटर बसल्यावर बाकीचीही बसली. मी घाबरून येतं तेवढं सगळं वाजवलं, म्हणजे सा पासून सा पर्यंत. उतरताना पडले तेव्हा एका पिलानं दुसऱ्याच्या डोक्यातली ऊ काढून खाल्ली. मग मॉनिटर उठला, भातात शिरला, एक लोंबी ओढली आणि माझ्याकडं तोंड करून खायला बसला. मी वाजवायची थांबले की तो खायचा थांबायचा आणि वाट बघायचा. माझ्या उभ्या आयुष्यात माझं वाजवणं इतकं कुणी ऐकलेलं नाही.

ओढ्याकडचा कोपरा माझ्या डोळ्यांसमोर आडवा व्हायला लागला. मी ओरडले, दगड मारले. दगड कुठं पडतो ते त्यांनी बघितलं, आणि परत खाल्लं. अक्कांनी सांगितलं होतं तसंच अगदी. मी घरी धावले, चुलीमागचे क्लच वायरचे तुकडे गोळा केले आणि ते गाठ मारून जोडता येतात का बघितलं. येत नाहीत. दुसरी वायर कुठली आणायची? वाडीत मोटारसायकल नव्हती. मी तशीच धावत परत माळ्यावर आले.

मॉनिटर आता मधल्या वाफ्यात होता. त्याच्या मागं सगळी पलटण, आणि अगदी शेवटी दोन पिलं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काही तरी सटकलं. गिटारीची वायर अँप्लिफायरमधून उपटली, भजनाचा माइक तिथं खोचला आणि मी सुरू झाले.

"ए, कोण ते शेवटच्या बाकावर? शेपटी सोड त्याची. सोड म्हणते ना. उभा राहा. तोंडात काय आहे? मला दाखव. घरून डबा दिला नाही का आईनं? आणि तू रे, मोठा शहाणा, भांग पाडून आलायस, तुझ्यावर वर्ग सोपवून मी पाच मिनिटं बाहेर गेले आणि हे चाललंय? तुझ्या बापाला बोलावून घेईन. हसू नकोस. माझ्याकडं बघून हसू नकोस. सगळ्यांनी पुस्तकं बंद करा."

कर्ण्यातून निघालेला माझा आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला, म्हणजे दोन बाया दोन्हीकडून रागावत असल्यासारखं झालं. मॉनिटरच्या हातातली लोंबी गळाली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग डोंगराकडं, आणि मग तो निघाला. उड्या मारत नाही, चालत, मान खाली घालून. बाकीची त्याच्या मागं. 'रांगेत' असं मी म्हटलं आणि माझ्या मते ती रांगेत गेली, पण यावर शिक्षकखोलीत कुणाचा विश्वास बसत नाही.

गोड झालेली गिटार

माझा आवाज डोंगरापलीकडे पोचला होता. अक्का आणि नारूअण्णा धापा टाकत आले. त्यांना वाटलं, वनखात्याचा कुणी साहेब आलाय.

अक्कांनी आडवा कोपरा बघितला. मग गिटार हातात घेतली, करवंटी ओढली आणि तो लोण्यासारखा आवाज ऐकून माझ्याकडं बघितलं.

"बाई, हिला काय केलासा?"

"दुरुस्त केली, अक्का."

"मोडली कवा हुती?"

 त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कोपऱ्यात गेल्या आणि आडव्या झालेल्या लोंब्या एकेक उचलून ओटीत घ्यायला लागल्या. मीही गेले. दाणे पुष्कळसे वाचले.

पुढचे दिवस मी माळ्यावरून वर्ग घेतला. रोज नव्यानं रागवावं लागतं असं नाही; एकदा घडी बसली की 'कोण बोलतंय?' एवढ्यावर भागतं, हा माझा जुना अनुभव इथंही खरा ठरला. अक्कांची कळी खुलली. पैऱ्यावर बाकीच्या बाया त्यांना विचारायच्या, आज तुमच्या बाई कुनावर खवळल्या? पण माझी सुट्टी संपत आली होती, कापणीची पाळी अजून आली नव्हती, आणि माझा घसा रोज थोडा थोडा बसत चालला होता.

तोड नारूअण्णांनी काढली. त्यांच्याकडे भजनाची एक कॅसेट होती, आवाज अधूनमधून जाणारी. ती टेपरेकॉर्डरमध्ये घालून त्यांनी मला रागवायला सांगितलं, म्हणजे माझं रागावणं तिच्यावर भरलं जाईल. माकडं समोर नसताना राग येईना, तेव्हा अक्का समोर बसल्या आणि मला चिडवायला मुद्दाम चटणीतल्या मुंग्या मोजायला लागल्या. मग मात्र असा राग आला की नारूअण्णांनी टेपरेकॉर्डर लांब सरकवला. एक बाजू अर्धी भरली. पुढं मूळचं भजन तसंच राहिलं.

"पन ह्यो पिरयोग तुमी हितं असताना करून उपेग न्हाई," नारूअण्णा म्हणाले. "तुमी दिसलासा की माकडं तुमालाच भिनार. तुमी गाडीत बसा, मग मी लावतो."

हे बरोबर होतं आणि म्हणूनच वाईट होतं. कॅसेट चालली नाही तर अक्कांपाशी ना गिटार, ना मी. निघायच्या सकाळी मी गिटार खुंटीलाच राहू दे म्हटलं. माझा आवाज तोवर पुरता गेला होता. ओठ हलले, शब्द अक्कांनी ताडला.

"ठेवून काय करू?" त्या म्हणाल्या. "माकडांस्नी ऐकवू? गोड झालीया ती, न्या." आणि त्यांनी ती खताच्या पोत्यात घातली, वर सुतळी बांधली, बरोबर चटणीचा एक पुडा दिला. मी वाकले तर त्यांनी मला धरलं आणि म्हणाल्या, "भात ऱ्हायलं तर तुमच्यामुळंच बगा. आनि गेलं तरीबी."

वळणावर

ज्या गाडीनं आले तीच परत जोयड्याला निघाली होती आणि कंडक्टरही तोच होता. मी खिडकीशी बसले. मांडीवर पोतं, पोत्यातून चार बुचं बाहेर. मला हवी ती गिटार मला मिळाली होती, आणि मी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. मी ओढ्यापलीकडे बघत होते. पिवळ्या तुकड्याच्या कडेला काळे ठिपके उतरले होते. माळा रिकामा दिसत होता.

गाडी सुरू झाली आणि काहीच ऐकू आलं नाही. बॅटरी उतरली असेल, कॅसेट अडकली असेल, नारूअण्णांनी उलटी बाजू लावली असेल. ठिपके पुढं सरकले. मी पोत्याची सुतळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

मग खालून आवाज आला. आधी कर्ण्याची घरघर, मग 'कोण ते शेवटच्या बाकावर?' बॅटरी कमी असावी, कारण टेप जरा हळू फिरत होती आणि माझा आवाज जाड, सावकाश, खर्जात उतरून येत होता. गाडीतली सगळी माणसं सावरून बसली. ओढ्याकडची झाडं हलली आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. रस्ता ओलांडून माकडं वर रानात चालली होती. सगळ्यात पुढं मॉनिटर. त्यानं गाडीकडं बघितलं, खिडकीत मला बघितलं, खालच्या शेतातून मी रागावतेय तेही ऐकलं, आणि एक क्षण त्याला काही सुचेना. मग तो पाठ फिरवून जो पळाला तो दिसेनासा झाला. त्याच्या मागून पिलंसुद्धा गेली. मी मोजली नाहीत, पण एकही मागं राहिलं नाही.

मला एवढा आनंद पहिल्या गिटारीच्या वेळीसुद्धा झाला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पोत्याला पुसलं.

"कोन बाई हायत ओ त्या?" कंडक्टर खाली वाकून बघत म्हणाला. "लई खवळल्यात." हेच त्यानं ड्रायव्हरला कानडीत सांगितलं आणि मागच्या बाकावरच्या एका म्हातारीला कोकणीत. तेवढ्यात माझं रागावणं संपलं आणि टाळमृदंगासकट भजन सुरू झालं. कंडक्टरनं टोपी काढून हात जोडले. "देवभक्त दिसत्यात पन," तो म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "तुमच्या वळकीच्या काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तो खाली अक्कांच्या भातात राखणीला राहिला होता.